नऊ साड्या, अठरा रंगांची पेटी आणि सावळा चेहरा

वाचकाचे पत्र, थोडक्यात: कोल्हापुरातील एका भगिनींनी लिहिले आहे. वय ३९, नोकरी पतसंस्थेत, वर्ण सावळा. नवरात्रात त्यांच्या कार्यालयातील महिला रोज ठरलेल्या रंगाची साडी नेसतात आणि एकत्र छायाचित्रे काढतात, तर दिवाळीच्या पाडव्याला सासरच्या सगळ्या कुटुंबाचे एका सभागृहात स्नेहभोजन असते. या दोन्ही प्रसंगी आपण एकदा तरी नटून, उठावदार दिसावे अशी त्यांची इच्छा आहे. गेल्या वर्षी त्यांनी मोबाईलवर पाहून अठरा रंगांची आयशॅडोची पेटी मागवली, परंतु पडद्यावर मोरपिशी आणि जांभळे दिसणारे रंग पापणीवर राखेसारखे भुरकट उमटले. "आपल्या रंगाला भडक शोभत नाही," असे सासूबाई म्हणाल्या आणि गोऱ्या धाकट्या जावेने फिकट गुलाबी लिपस्टिक भेट दिली, जी लावली की ओठ आजारी माणसासारखे दिसतात. महागड्या परदेशी कंपनीचे सामान घ्यावे का, नऊ साड्यांना कोणते रंग घ्यावेत आणि या वयात हा हट्ट धरावा का, असे त्या विचारतात.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात 'भडक' हा शब्द पाच वेळा आला आहे आणि 'गडद' हा शब्द एकदाही आलेला नाही. तुमच्या घरात या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच धरला जातो असे दिसते आणि माझ्या मते तुमची निम्मी अडचण तिथेच आहे. रंग गडद आहे की फिका, हे त्यात रंगद्रव्य किती आहे यावर ठरते. तो भडक दिसतो की नाही, हे मात्र तो चेहऱ्यावर कुठे, किती जागेत आणि कशाच्या शेजारी लावला यावर ठरते. त्यामुळे फिका रंगसुद्धा भडक दिसू शकतो. जावेने प्रेमाने दिलेली ती गुलाबी लिपस्टिक तुमच्या ओठांच्या मूळ रंगाहून कितीतरी उजळ असल्यामुळे चेहऱ्यावर आधी तीच दिसत असणार, आणि सासूबाईंना खटकले असेल तर तेही बहुधा हेच.

हौशी रंगभूमीवर रंगभूषेचे काम मी बरीच वर्षे केले. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत केशवराव भोसले नाट्यगृहाच्या रंगपटात एका संध्याकाळी आठ-दहा चेहरे लागोपाठ रंगवताना एक गोष्ट कोणी न सांगता हाताला कळत गेली, ती म्हणजे सावळ्या त्वचेवर पातळ रंग मुळीच उमटत नाही, आणि तो उमटावा म्हणून थरावर थर चढवत गेले की शेवटी उरतो तो नुसता भुरकटपणा. याचे कारण साधे आहे. आयशॅडोच्या दाबलेल्या वडीत रंगद्रव्याबरोबर टाल्क, अभ्रक किंवा केओलिन यांची पांढरट पूड मिसळलेली असते. ती पूड आवश्यकच असते, कारण तिच्यामुळे रंग सारखा पसरतो आणि वडी फुटत नाही. परंतु थोड्या पैशांत पुष्कळ रंग द्यायचे ठरले की पूड वाढते आणि रंगद्रव्य घटते. गोऱ्या त्वचेवर ती पूड खपून जाते, सावळ्या त्वचेवर मात्र तीच वर येऊन बसते. तुमच्या पापणीवर दिसलेली राख त्या पुडीची होती, तुमच्या वर्णाकडे त्याचा काहीही दोष जात नाही.

चांगल्या रंगद्रव्यात गूढ असे काही नसते. दिवाळीच्या आधी आपण तुळशी वृंदावनाला जो गेरू लावतो, त्याचा रंग आयर्न ऑक्साइडचा असतो. विटकरी, तपकिरी आणि तांबूस छटांच्या आयशॅडोंमध्ये हेच द्रव्य, कारखान्यात शुद्ध स्वरूपात तयार केलेले, वापरतात आणि वेष्टनावरील घटकांच्या यादीत लाल आयर्न ऑक्साइड सीआय ७७४९१ या क्रमांकाने लिहिलेले असते. अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवला की मोत्यासारखी चमक मिळते, आणि आयर्न ऑक्साइडचा चढवला की तांब्याची किंवा जुन्या सोन्याची. तुमच्या वर्णावर ही दुसरी चमक फार सुरेख बसेल, कारण तिच्याखाली त्वचेचा स्वतःचा तांबूसपणा आधार म्हणून उभा असतो. चंदेरी आणि बर्फासारख्या पांढऱ्या चमकीपासून मात्र मी तुम्हाला दूर राहायला सांगेन.

सासूबाईंशी वाद घालू नका. नवरात्रात त्यांच्याबरोबर अंबाबाईच्या दर्शनाला जाल तेव्हा त्या दिवशी बांधलेली पूजा केवळ रंगांच्या नजरेने एकदा पाहा. मूर्ती काळ्या पाषाणाची, तिच्यावर गडद रंगाची साडी, जरीचे काठ आणि सोन्याचे अलंकार. गाभाऱ्याच्या उजेडात त्यातला प्रत्येक रंग लांबच्या रांगेतूनही ओळखू येतो. माणसाची देवीशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. परंतु सावळ्या पृष्ठभागावर काय खुलते, हे श्रीपूजकांच्या हातांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे आणि त्या पूजेला भडक म्हणणारा कोल्हापूरकर मला अजून भेटायचा आहे.

आता पैशांविषयी. परदेशी कंपनीच्या किमतीत जाहिरात, आयात आणि डबीचा थाट यांचाही वाटा असतो, त्यामुळे किंमत आणि रंगाची घनता नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. आपल्याकडे टाटांनी १९५२ साली लॅक्मे सुरू केली. ते नाव म्हणजे लक्ष्मी या शब्दाचे फ्रेंच रूप आहे आणि महालक्ष्मीच्या गावात हे सांगताना मला नेहमी गंमत वाटते. सांगायचे इतकेच की भारतीय त्वचेचा विचार करून माल बनवणाऱ्या कंपन्या आता पुष्कळ आहेत आणि नावापेक्षा बोटावर उमटलेला रंग अधिक विश्वासाचा असतो. अठरा रंगांच्या पेटीऐवजी चार सुटे रंग घ्यावेत, असे मी सुचवेन: तांबे किंवा जुने सोने यांची एक चमकदार छटा, गडद मरून, कॉफीसारखा मॅट तपकिरी आणि हौसेसाठी बाटलीच्या काचेसारखा हिरवा किंवा मोरपिशी. तेवढ्याच पैशांत हे चार रंग पेटीतल्या रंगांपेक्षा कितीतरी घन मिळतील.

खरेदी शक्यतो समोरासमोर करा. महाद्वार रोडवर किंवा राजारामपुरीत जिथे टेस्टर ठेवलेले असतात तिथे दिवसा जा, मनगटाच्या आतल्या बाजूला बोटाने एकदाच, न दाबता, रंगाचा पट्टा ओढा आणि दुकानाच्या पायरीवर येऊन उजेडात पाहा. एका ओढीत खालची त्वचा झाकली गेली तर रंग घन आहे. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा बोट फिरवावे लागले, किंवा पट्ट्याच्या कडेला पांढुरकी पूड दिसली, तर तो रंग दुकानातच राहू द्या. टेस्टर थेट ओठांना किंवा डोळ्यांना लावू नये, कारण त्याला आपल्या आधी किती जणींचे हात लागले असतील याची गणती नसते. फाउंडेशनची छटा मनगटावर न पाहता जबड्याच्या कडेवर पाहावी आणि गळ्याशी मिळेल तीच घ्यावी. "थोडी उजळ घ्या, मॅडम," हा काउंटरवरचा सल्ला या शहरात मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचा मला आता रागही येत नाही. ती उजळ छटा घेतलीत तर नवे गडद रंग एका मुखवट्यावर लावल्यासारखे दिसतील आणि मग सासूबाईंचे म्हणणे खरे ठरेल.

तुमच्या पेटीला मात्र एक संधी द्या. तपकिरी काजळपेन्सिल पापणीवर खोबणीपर्यंत फिरवून अनामिकेने हलकेच पसरून घ्या. पापणी थोडी चिकट आणि काळसर झाली पाहिजे. त्यावर पेटीतला एखादा चमकदार रंग चपट्या, किंचित ओल्या ब्रशने ठेवत जा. इथे 'ठेवत' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण घासले की खालची पेन्सिल उचलली जाते आणि वरचा रंग विरतो, तर टेकवून दाबले की तोच रंग दुप्पट घन दिसतो. शेवटी कोरडा, स्वच्छ ब्रश घेऊन फक्त कडेवरून अर्धा मिनिट गोल-गोल फिरवा, म्हणजे रंग कुठे संपला हे कळेनासे होईल. भडकपणा बहुतेक वेळा या न मिसळलेल्या कडेत असतो. हे सगळे फाउंडेशनच्या आधी करावे, कारण घन रंगाची पूड गालांवर सांडतेच आणि ती फाउंडेशनवर सांडली की पुसताना काळे ओरखडे उठतात. पेटीतले मॅट रंग एवढे करूनही भुरकट राहिले, तर त्यांचा मोह सोडावा.

नऊ साड्यांसाठी नऊ रंग हवेत, हे गृहीत मला मान्य नाही. नऊ रंगांची ही पद्धत अलीकडची, वृत्तपत्रांनी घराघरांत पोहोचवलेली आहे. तिचा आनंद जरूर घ्यावा, पण पापणीने साडीची नक्कल करू नये. पिवळ्या साडीवर पिवळी आणि केशरी साडीवर केशरी पापणी केली की छायाचित्रात माणूस हरवतो. तांबे आणि तपकिरी हे दोन रंग नवांपैकी बहुतेक साड्यांना चालतील. हिरव्या आणि निळ्या साडीला मरून ओठ द्या, राखाडी किंवा पांढऱ्या साडीच्या दिवशी मोरपिशी रेघ ओढून डोळे खुलवा आणि लाल साडीच्या दिवशी डोळ्यांत नुसते काजळ ठेवून ओठांना काय तो लाल रंग द्या. चेहऱ्यावर एका वेळी एकच जागा पूर्ण गडद असावी, हा माझा रंगपटातला नियम होता. तो मोडायचाच असेल तर पाडव्याच्या संध्याकाळी मोडा, कारण तिथे सभागृह मोठे असते आणि अंगावर साज, नथ व भरजरी साडी असताना एकटे गडद ओठ अपुरे वाटू शकतात.

उजेडाचा विचार फार थोड्या जणी करतात. बाबूराव पेंटरांनी ज्या कोल्हापुरात मूकपट काढले, त्या काळातील बहुतेक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी असे, आणि लाल ओठ पडद्यावर काळे दिसत. त्यामुळे त्या काळच्या रंगभूषेत ओठांचा रंग डोळ्यांना न विचारता कॅमेऱ्याला विचारून ठरवावा लागे. आज तितकी वाईट परिस्थिती नाही, परंतु उजेड अजूनही रंग बदलतो. पणत्यांच्या आणि पिवळ्या दिव्यांच्या उजेडात लाल, तांबे, सोने उजळतात, तर जांभळे व निळे मळकट दिसतात. सभागृहातील स्वस्त पांढऱ्या एलईडी दिव्यांत गडद लालसरपणा कमी असतो, म्हणून तिथे मरून ओठ घरच्यापेक्षा काळपट वाटू शकतात. पाडव्यासाठी एक छटा अधिक लालसर निवडावी. ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या यात्रेत उन्हात उभे राहणार असाल, तर चमक पूर्ण टाळून मॅट रंग आणि काजळ एवढ्यावर थांबा. आणि मोबाईलच्या फ्लॅशखाली टायटॅनियम डायऑक्साइड किंवा सिलिकाची पांढरी पावडर चेहऱ्यावर चुन्यासारखी उठते, म्हणून रात्रीच्या छायाचित्रांच्या आधी कॉम्पॅक्टचा शेवटचा हात आवरता घ्यावा आणि घरी फ्लॅश लावून एक छायाचित्र काढून पाहावे.

ओठांवर थोडे सविस्तर लिहिते, कारण सावळ्या चेहऱ्यावर सर्वांत कमी कष्टात सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो. आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या ओठांची कड काळसर आणि मधला भाग गुलाबी असतो, त्यामुळे एकच लिपस्टिक दोन ठिकाणी दोन रंगांची दिसते. यावर उपाय असा की लिपस्टिकपेक्षा किंचित गडद लिप लायनरने नुसती कड न आखता सगळे ओठ भरून घ्यावेत, त्यावर लिपस्टिकचा एक पातळ हात द्यावा, टिश्यू पेपर ओठांत धरून सोडावा आणि दुसरा हात द्यावा. लाल निवडताना दात पाहा. निळसर झाक असलेला लाल दात पांढरे दाखवतो, केशरी झाक असलेला पिवळे. डाळिंबी, जांभळाच्या सालीसारखा मरून, विटकरी आणि चॉकलेटी या चार घराण्यांत तुम्हाला शोभणारा रंग नक्की सापडेल. सुकणारी द्रवरूप मॅट लिपस्टिक तासन्तास टिकते हे खरे, पण तेलापुढे तिचे काही चालत नाही. मिसळीचा कट किंवा तांबडा रस्सा ओठांच्या आतल्या बाजूने तो थर विरघळवतो आणि कडेला रंगाची चौकट तेवढी उरते. म्हणून स्नेहभोजनाला साधी, क्रीमची घन लिपस्टिक लावा आणि जेवणानंतर ओठ पुसून नव्याने हात द्या.

तुम्ही शाकाहार काटेकोर पाळत असाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. अनेक गडद लाल आणि गुलाबी छटांमध्ये कारमाइन हे रंगद्रव्य असते आणि ते कोचिनियल नावाच्या किड्यांपासून काढतात. घटकांच्या यादीत कारमाइन किंवा सीआय ७५४७० असे दिसले तर काय करायचे ते तुमचे तुम्ही ठरवा; उपवासाच्या नऊ दिवसांत हे माहीत असलेले बरे.

घन रंग हवा म्हणून कुठूनही आणलेला रंग लावू नये, हे मी स्वतःच्या ओठांवर शिकले आहे. तरुणपणी एका जत्रेत वेष्टनावर काहीही न छापलेली मरून लिपस्टिक घेतली होती. रंग अप्रतिम होता आणि पुढचे आठ दिवस ओठांची साले निघत होती. जुन्या लोकनाट्यांच्या रंगभूषेत मुरदाडशिंग वापरले जाई, आणि मुरदाडशिंग म्हणजे शिशाचे ऑक्साइड. सौंदर्यप्रसाधनांना रंग देण्यासाठी शिशाची आणि आर्सेनिकची संयुगे वापरण्यास आपल्याकडे आधीच्या नियमांतही मनाई होती आणि २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्समध्येही ती कायम आहे. परंतु नियम उपयोगी पडतो तो उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख छापलेल्या डबीला. आयात मालावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक पाहावा. नवा रंग दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून खाज किंवा लाली येते का ते पाहा, डोळ्यांचा रंग ओठांना किंवा ओठांचा डोळ्यांना लावू नका आणि हस्तकलेच्या दुकानातील चमकी पापणीजवळही नेऊ नका, तिच्या कडांनी बुबुळाला ओरखडा पडू शकतो. टिकलीबद्दलही एक वाक्य: चिकटणाऱ्या टिकलीच्या गोंदातील एका रसायनामुळे काहींच्या कपाळावर पांढरे डाग येतात, तेव्हा खाज सुटली की त्या दिवसापासून ती टिकली बंद.

गेल्या वर्षीचे सामान घटस्थापनेच्या आधी बाहेर काढून त्याचा वास घ्या. कोल्हापूरच्या चार महिन्यांच्या ओलीत स्पंज आणि ब्रश बुरसटतात, ते सरळ टाकून द्यावेत. लिपस्टिकला खवट तेलाचा वास आला तर तीही. मस्कारा उघडून तीन महिने झाले असतील तर त्याची दया करू नये.

वयाबद्दल तुम्ही विचारले आहे म्हणून उत्तर देते, एरवी हा प्रश्न मला मुद्द्याचा वाटत नाही. चाळिशीच्या आसपास पापणीची त्वचा थोडी सैल होते आणि जाड चमकी तिच्या घड्यांत अडकते, त्यामुळे बारीक दळलेली, साटिनसारखी चमक निवडावी आणि पापणीला आधी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पातळ थर, लावावा. वयामुळे बदलायचे ते इतकेच. ज्याला तुम्ही हट्ट म्हणता, तो वर्षातून दहा दिवसांचा आहे आणि उरलेले दिवस तुम्ही सकाळी पतसंस्थेच्या काउंटरवर हजर असता.

घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी एक तालीम करा. तांब्याची पापणी, काजळ आणि डाळिंबी ओठ एवढे करून, साधी घरातली साडी नेसून, कोणालाही काही न सांगता चहाच्या वेळी सासूबाईंसमोर जाऊन बसा. "आज पार्लरला गेली होतीस का?" असे त्यांनी विचारले आणि त्यांची नजर तुमच्या चेहऱ्यावर फिरत राहिली, तर रंग बरोबर बसला असे समजा. त्यांनी आल्या आल्या फक्त पापणीकडे पाहिले, तर कड अजून थोडी मिसळायला हवी. आत जाऊन कोरडा ब्रश आणखी अर्धा मिनिट फिरवा आणि चहा गार व्हायच्या आत परत या.